सत्तेचाळीस म्हणतात, चौऱ्याहत्तर लिहितात
गणिताचा तास : शिक्षकांचे प्रश्न

प्रश्न : दुसरीचा वर्ग आहे, मुलं ३४. आठवड्यातून दोनदा सापशिडी खेळवते. मुलं रंगून जातात, पण ‘सत्तेचाळीस लिहा’ म्हटलं की कितीतरी पाट्यांवर ७४ दिसतं. काय चुकतंय?

उत्तर : खेळाची निवड. सापशिडीत सोंगटी हलवायला दशक-एकक कळावं लागतच नाही. फाशावर चार पडले की मूल ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत चार घरं पुढे जातं. २६ वरून निघालं काय नि ६२ वरून काय! शिवाय पट नागमोडी असतो. १४ च्या डोक्यावर २४ नसतो, २७ असतो. त्यामुळे दहाने वाढलेली संख्या तिथे दिसतच नाही. सापशिडी ठेवायचीच असेल तर एकच नियम घाला : २६ वर असताना चार पडले तर ‘सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस’ असं मोठ्यानं म्हणत जायचं. ‘एक, दोन’ म्हटलं की सोंगटी मागे. आणि पट प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होणारा आखा.

७४ चं मूळ मात्र आपल्या भाषेत आहे. ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून तो आधी लिहिला जातो. याच अडचणीपायी बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ या धर्तीचं वाचन दिलं आणि बराच गदारोळ झाला. वाद बाजूला ठेवू. मुलाच्या हाताला दशक लागलं पाहिजे हे खरं. त्यासाठी ‘पन्नास गाठा’ खेळा.

चौघांचा गट, त्यात दोन जोड्या. ३४ मुलांचे आठ गट होतील. दोन गटांत पाचवं मूल उरेल, त्याला काड्या वाटणारा सावकार करा. प्रत्येक गटाला खराट्याच्या बोटभर लांब तोडलेल्या १२० काड्या, १२ रबरबँड, दोन फासे आणि एक पाटी. जमिनीवर प्रत्येक जोडीसाठी खडूनं दोन चौकोन : डावीकडे दशक, उजवीकडे एकक. दोन्ही फासे टाकायचे, बेरजेइतक्या काड्या घ्यायच्या, सुट्या दहा झाल्या की लगेच गठ्ठा बांधून डावीकडे सरकवायचा. मग आधी ‘चार दशक सात एकक’ म्हणायचं, नंतर ‘सत्तेचाळीस’, आणि चौकोनांच्या क्रमानं पाटीवर लिहायचं. दोन फाशांची सरासरी सात पडते, म्हणून सात-आठ डावांत पन्नास होतात आणि एका तासिकेत खेळ आटोपतो.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, घाईत नऊ किंवा अकरा काड्यांचा गठ्ठा बांधला जातो. तो समोरच्या जोडीनं मोजायचा. चूक सापडली तर बांधणाऱ्यांचा पुढचा डाव गेला. न बांधलेल्या दहा सुट्या काड्या सापडल्या तरी हीच शिक्षा. या नियमामुळे दुसऱ्याच्या डावातही मुलं डोळे लावून बसतात. दुसरं, चार गठ्ठे आणि सुटी काडी एकही नाही अशा वेळी पाटीवर नुसतं ४ येतं. एककाचा चौकोन रिकामा दिसला तरी तिथे ० लिहायचा, हे पहिल्या डावात तुम्हीच करून दाखवा.

तिसरं, एकोणपन्नास. मुलं पन्नास ऐकतात आणि ५९ लिहितात. ‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एकानं कमी. चार गठ्ठे, नऊ काड्या मांडून विचारा, ‘पन्नासला किती हवी?’ एक काडी ठेवली की पाचवा गठ्ठा बांधता येतो. तेव्हा शब्दाचा अर्थ दिसतो. (नव्व्याण्णव या रांगेत बसत नाही, ते वेगळं सांगावं लागतं.)

प्रश्न : चौथीला पाढ्यांची हौजी घेतो. ठरावीक पाच-सहा मुलंच उत्तरं देतात.

उत्तर : कारण ती वेगाची शर्यत आहे. जोडीजोडीनं ‘गुणाकार-पट’ खेळा. १ ते ९ मधल्या कोणत्याही दोन अंकांच्या गुणाकारातून वेगवेगळ्या संख्या मिळतात बरोबर ३६, म्हणजे ६ × ६ चा पट नेमका भरतो. खाली १ ते ९ ची पट्टी, तिच्यावर दोन चिंचोके. पहिला खेळाडू दोन्ही चिंचोके हवे तिथे ठेवतो आणि गुणाकाराच्या घरावर आपली खूण करतो. पुढे प्रत्येकानं एकच चिंचोका हलवायचा. दोन्ही एकाच अंकावर आले तरी चालतात. सलग चार घरं आडवी, उभी किंवा तिरपी मिळाली की जिंकला.

‘मला ३६ हवेत, एक चिंचोका ४ वर आहे, दुसरा ९ वर न्यावा’ असा उलटा विचार करावा लागतो. तीच भागाकाराची तयारी. घाई नसल्यानं संथ मूलही जिंकतं. पाढे कच्चे असतील तर तक्ता भिंतीवर राहू द्या; पुन्हा पुन्हा पाहूनच त्याची गरज कमी होत जाते.

प्रश्न : फासे हरवतात, घरंगळतात, आवाज होतो. काय करावं?

उत्तर : षटकोनी पेन्सिलीच्या सहा बाजूंवर एक ते सहा ठिपके काढा आणि ती लोळवा. फासेच वापरायचे तर डब्याच्या झाकणात टाका, तळाशी कापड. फोडलेले चिंचोके फाशाऐवजी या खेळात नकोत : चार अर्धुकं टाकली की दोन पांढरी वारंवार पडतात, चार क्वचित. कमीजास्त शक्यता दाखवायची असेल तेव्हा तेच काढा.