फोन अपडेट करायचा की राहू दे?

प्रश्न : दादा, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरीच कांदा-लसूण चटणी करून विकते. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअॅपवर आणि पैसे यूपीआयवर, म्हणजे धंदाच फोनवर आहे म्हणा की. फोन कधीपासनं अपडेट मागतोय पण आमचे भाऊजी म्हणतात करू नका वहिनी, फोन स्लो होतो, त्यांचा झालेला. त्यात परवा भिशीच्या ग्रुपवर 'गाडीचं चलन' म्हणून एक फाइल आलीय, अजून उघडली नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी ती फाइल डिलीट करा, अपडेटचं नंतर बघू. नावाच्या शेवटी एपीके असं असेल तर ते चलनही नाही आणि पीडीएफही नाही, ते अख्खं अॅप आहे. इन्स्टॉल केलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं, आपण घाईत हो हो करत जातो, आणि मग बँकेचा ओटीपी तुमच्याबरोबर त्या चोरालाही दिसतो. ग्रुपवर लिहा कुणी उघडू नका म्हणून, आणि ज्या बाईंच्या नंबरवरनं आलंय त्यांना साधा फोन करून सांगा, बऱ्याचदा त्यांचाच फोन आधी चोरांच्या ताब्यात गेलेला असतो, त्यांना पत्ताही नसतो.

आता अपडेट. भाऊजींचं अगदीच चुकीचं नाही. मोठं अपडेट झालं की फोन आतल्या आत सगळी अॅप्स नव्यानं जुळवून घेतो, त्यामुळं एखादा दिवस गरम होतो, बॅटरी उतरते, अडखळतो, आणि स्टोरेज गच्च भरलेलं असेल तर जास्तच. पण दर महिन्याचा सिक्युरिटी पॅच ही वेगळी गोष्ट आहे, त्यात नवीन दिसण्यासारखं काही नसतं, फक्त सापडलेल्या चुका बुजवलेल्या असतात. गूगलनं २०१५ पासनं अँड्रॉइडच्या या चुकांची यादी दर महिन्याला जाहीर करायला सुरुवात केली. जाहीर, हे नीट लक्षात घ्या. म्हणजे पॅच आला त्या दिवशी चूक कुठं होती ते चोरांनाही कळतं, आणि ज्यांनी अपडेट केलं नाही ते सगळे उघडे पडतात. २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसनं अपडेट न केलेले कॉम्प्युटर असेच गाठले, मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्ये पॅच दिला होता, हल्ला झाला मे महिन्यात, आणि इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांचे कॉम्प्युटरसुद्धा बंद पडले. दोन महिने हातात होते हो! म्हणून मला 'नंतर करू' या बटणाची फार काळजी वाटते, विशेषतः तुमच्यासारखा ज्यांचा गल्ला फोनमध्येच आहे त्यांच्यासाठी.

तर असं करा. ऑर्डरी नसतील अशा रात्री फोटो आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप घ्या, नको ते व्हिडिओ उडवून जागा करा (गुड मॉर्निंगवाले आधी), फोन चार्जिंगला लावा, घरचं वायफाय चालू ठेवा आणि अपडेट सोडून झोपा. मात्र ते फोनच्या सेटिंगमधनंच करायचं, मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरनं कधीच नाही.

झाल्यावर सेटिंगमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. ती वर्षा-दीड वर्षापूर्वीची असेल आणि अपडेट येतच नसेल, तर कंपनीनं त्या फोनचा हात सोडलाय असं समजा, त्यावर गाणी ऐका, मुलांना अभ्यासाला द्या, पण यूपीआय काढून टाका. नवा घ्यायला राजारामपुरीत गेलात की दुकानदार कॅमेराच दाखवत बसेल, तुम्ही विचारा सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार. गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २४ पासनं त्या महागड्या फोनांना ७ वर्षांचा शब्द दिलाय, स्वस्तातल्यांना बऱ्याचदा कमी असतो.

आणि भिशीतल्या कुणी ती फाइल उघडून पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका म्हणावं, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावायचा आणि बँकेलाही कळवायचं, जितकं लवकर कळवाल तितकी पैसे पुढं सरकायच्या आत अडवायची शक्यता जास्त.