ओटीवर सगळ्यांसमोर विचारलं तर पोरगं नाहीच म्हणणार

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही गुहागरजवळ राहतो, मुलगा अकरावीला आहे. मागच्या महिन्यात व्यसनांच्या सर्वेवाले दोघं टॅब घेऊन घरी आले, ओटीवर सासरे, हे, सगळेच बसलेले, मी चहा घेऊन बाहेर येते तोवर त्यांनी मुलाला विचारलं पण, गांजा कधी घेतलायस का म्हणून. तो नाही म्हणाला, त्यांनी टिक केलं आणि पुढच्या घरी गेले. परवा त्याची जीन्स धुवायला काढली तर खिशात सिगरेट वळायच्या पातळ कागदाचं पाकीट. तेव्हापासून झोप नाही. खरं सांगितलं असतं तर पोलीस आले असते का? आणि खोटंच लिहून न्यायचं तर असल्या सर्वेचा उपयोग काय?
– एक आई

उत्तर : ताई, पोलिसांचं आधी सांगतो. असे सर्वे किती जण घेतात, कुठल्या वयात घेतात हे मोजायला असतात, नावं धरून पकडायला नाही. पण हे विचारायच्या आधी सांगायला हवं, संमती घ्यायला हवी, पोरगा अठराच्या आतला तर तुमचीसुद्धा, आणि मग त्याला एकट्याला विचारायला हवं. ते झालं नाही. चूक तुमची नाही आणि त्याची तर मुळीच नाही.

मी स्वतः आरोग्याच्या सर्वेला दापोलीकडच्या वाड्यांमधनं फिरलोय. एका घरात आजोबा सुपारी कातरत बसलेले, मी नातवाला तंबाखूचं विचारलं आणि अडकित्ता थांबला. पोरगं माझ्याकडे न बघता त्या अडकित्त्याकडे बघत नाही म्हणालं आणि मीही नाही लिहिलं, ते मला अजून खातं. नंतर मी पोरांना मागच्या दारी विहिरीकडे नेऊन विचारायला लागलो तर उत्तरं वेगळी यायला लागली हो.

आपल्याकडचा मोठा सर्वे 2018 चा, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेला, दोन लाखांवर घरं आणि 10 ते 75 वयाची पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं. त्यात भांग-गांजा-चरस मिळून वर्षभरात घेतलेले 2.8 टक्के निघाले, म्हणजे 3 कोटींवर. मोठ्यांत 3.3 आणि 10 ते 17 च्या पोरांत 0.9 टक्के, म्हणजे तरी वीसेक लाख पोरं! भांग वेगळीही मोजली होती ते बरं केलं, कारण कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, नुसतं पान, ज्याची भांग होते, त्यात येत नाही. घरी जाऊन विचारलं की लोक लपवतात हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून व्यसनात अडकलेल्या 70 हजारांहून जास्त माणसांना वेगळं गाठलं, एकाच्या ओळखीने दुसरा असं करत.

अमेरिकेत 1975 पासून बारावीची पोरं वर्गात बसून स्वतःच फॉर्म भरतात, आईबाप समोर नाहीत. तिथल्या घरोघरच्या सर्वेतही असे प्रश्न आले की कानाला हेडफोन लावून माणूस उत्तर स्वतः लॅपटॉपवर टाकतो, विचारणाऱ्यालाही दिसत नाही. आपल्या टॅबवर हे जमणार नाही असं थोडंच आहे! आणि आपल्या किनाऱ्यावर अजून एक, बोटीवरचे खलाशी, आंब्याच्या बागेत खोपीत राहणारे गुरखे, ही माणसं घराच्या यादीत येतच नाहीत, मग आकडा कुणाचा म्हणायचा? त्याच आकड्यावर कुठे केंद्र काढायचं, कुठे समुपदेशक द्यायचा ते ठरतं, म्हणून मला एवढी कळकळ.

आता मुलाचं. पाकीट सापडलं म्हणजे गांजाच असं नाही, त्यात तंबाखूही वळतात. ह्यांना आणि सासऱ्यांना सध्या सांगू नका. संध्याकाळी त्याला समुद्रावर घेऊन जा, पाकीट त्याच्या हातात द्या आणि गप्प राहा, त्याला बोलू दे. घेत असेल आणि सुटत नसेल तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. आणि भीती कायद्याची असेल तर अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात कलम 64अ आहे, व्यसनात अडकलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर सेवनासाठी किंवा थोड्याशा मालासाठी त्याच्यावर खटला चालत नाही, मात्र उपचार अर्धवट सोडायचे नाहीत.

सर्वेवाले परत आले तर त्यांना सांगा पोराला एकट्याला विचारा, आणि सासऱ्यांना घेऊन तुम्ही आत जा.