धरसोडीची वही

‘आपण आपल्याबद्दल सांगतो ती गोष्ट बदलायची म्हणजे स्वतःशी खोटंच बोलायचं ना, ताई?’ इंदूरमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वरचेवर येतो. रामबागेतल्या एका बाईंनी तो पहिल्याच भेटीत विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पन्नाशीच्या होत्या. महिला मंडळाच्या भजनाला नाव द्यायचं मनात होतं, पण धीर होत नव्हता. ‘मेरा तो स्वभाव ही ऐसा है. धरलं की सोडते. माहेरी-सासरी सगळे हेच म्हणतात. परत हसं होईल.’

अ‍ॅरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात सीबीटीची (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याचा मानसोपचार) पद्धत उभी केली. नैराश्यातल्या रुग्णांच्या मनात क्षणभर चमकून जाणारे विचार त्यांनी टिपले आणि ते तपासून पाहायला रुग्णांनाच शिकवलं. ‘चांगला विचार करा’ असं आम्ही सांगत नाही. आपण स्वतःबद्दल जे वाक्य धरून बसलोय, त्याला साक्षीपुरावा मागतो.

बाईंना मी वहीची चार पानं करायला सांगितली: शाळा, कॉलेज, लग्नानंतरची वर्षं, आत्ताची. प्रत्येक पानावर दोन रकाने, ‘सोडलं’ आणि ‘निभावलं’. कोण काय म्हणालं ते लिहायचं नाही, घडलं तेवढंच लिहायचं.

पुढच्या वेळी डावा रकाना गच्च भरलेला, उजवा कोरा. असं बहुतेकांचं होतं. स्वतःबद्दल एकदा मत ठरलं की मन त्याला जुळेल तेवढंच जपून ठेवतं.

‘बी.एससी. दुसऱ्या वर्षी सोडलं,’ मी वाचलं. ‘तेव्हा घरी काय चाललं होतं?’

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘बाबांना अर्धांगवायू झाला होता.’

‘धाकट्या भावांची फी कोण भरायचं?’

‘मीच. शिकवण्या घ्यायचे ना.’

‘किती वर्षं?’

त्यांनी बोटांवर मोजलं. ‘नऊ.’

‘ही नऊ वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची?’

त्या रडल्या. मी पाणी पुढे केलं आणि थांबले. अशा वेळी आपण घाईने काही समजावायला गेलो तर हाती आलेलं निसटतं.

शिवणाचा क्लास मात्र त्यांनी निव्वळ भीतीपोटी सोडला होता. ‘हेही उजवीकडे नेऊ का?’ त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. पहिल्या भेटीतल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे देता आलं: खोटं काहीच लिहायचं नाही, गाळलेलं तेवढं भरायचं. शेवटी त्यांनी स्वतःच वाक्य बनवलं: ‘काही घरासाठी सोडलं, काही भीतीने सोडलं, पण अंगावर घेतलं ते निभावलं.’ ‘मी धरसोडीची’ या वाक्यावरचा त्यांचा विश्वास सुरुवातीला शंभरात ९५ होता, तो ४० वर आला. शून्य म्हणाल्या असत्या तर मला काळजी वाटली असती.

मग प्रत्यक्ष पडताळा. भजनाचे चार गुरुवार ठरले. आधी अंदाज लिहून घेतला: ‘दुसऱ्याच गुरुवारी सोडीन.’ दुसरा पार पडला. तिसऱ्याला पाहुणे आले, जाता आलं नाही. ‘बघा, सोडलंच!’ म्हणत त्या माझ्याकडे आल्या. आम्ही वही उघडली आणि घडलं तेवढंच लिहिलं: एक गुरुवार चुकला.

चौथ्याला त्या गेल्या. घरी येऊन उजव्या रकान्यात पेन्सिलीने ‘भजन’ लिहिलं होतं. पुढच्या भेटीत पाहिलं, तर त्यावरून पेन फिरवलेलं होतं.