या घरात तुम्ही कुठे बसता?

"घराचं काम काढलंय आणि मी सगळ्यांवर खेकसतेय." थोड्याफार फरकाने हे वाक्य मी इतक्या जणींकडून, आणि काही पुरुषांकडूनही ऐकलंय की आता लिहायलाच हवं. बहुतेक जण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ते झोप लागत नाही किंवा नवरा-बायकोत अबोला आहे म्हणून. दोन-चार प्रश्नांनंतर कळतं, की घरातलं स्वयंपाकघर फोडलेलं आहे.

अशाच एक बाई आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) स्वयंपाकघर आणि बाथरूम, दोन्हीचं काम चालू. सासूबाई, नवरा, दहावीतला मुलगा आणि त्या अशी चौघं दोन खोल्यांत. ठेकेदाराने सहा आठवडे सांगितले होते, दहावा चालू होता.

"मॅडम, तात्पुरतंच आहे हो सगळं. तरी मला झेपत नाही. मी इतकी कमकुवत कशी?"

त्यांच्या बोलण्यातला 'पाहिजे' मी मोजत होते. दोन्ही वेळचा स्वयंपाक पूर्ण झालाच पाहिजे, मुलाच्या अभ्यासात खंड पडता कामा नये, सासूबाईंना काही जाणवता कामा नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारसरणी मी वर्षानुवर्षं वापरत आले आहे. परिस्थितीपेक्षा तिच्याविषयीचा आपला हट्ट आपल्याला जास्त दमवतो, हे तिचं सांगणं अशा घरांत मला पुन्हा पुन्हा पटतं.

तिसऱ्या भेटीत मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. "दोन खोल्या काढा. कोण कुठे असतं ते दाखवा."

त्यांनी भराभर काढलं. खिडकीपाशी मुलाचं टेबल, भिंतीला सासूबाईंची कॉट, कोपऱ्यात नवऱ्याचा लॅपटॉप. स्टुलावर इंडक्शन, त्याखाली भांड्यांचा टब, दाराशी पाण्याच्या बादल्या. अगदी कचऱ्याचा डबासुद्धा.

"आणि तुम्ही कुठे बसता?"

पेन्सिल कागदावर फिरत राहिली, टेकेना. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मी बसत नाही." आणि रडू लागल्या. मी काही बोलले नाही. त्या क्षणी बोलायचं नसतं, हे शिकायला मला खूप वर्षं लागली.

मला जे उमगलं ते असं: तात्पुरत्या घरात आपण कामांची सोय लावतो, माणसांची नाही. आणि जी व्यक्ती ती सोय लावते, तिलाच जागा उरत नाही. 'तात्पुरतं' या शब्दाआड ती स्वतःला वजा करते. पण दहा आठवडे हे आयुष्यच आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं: काम सुरू होण्याआधी काय-काय बंद ठेवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा. दोन वेळचा साग्रसंगीत स्वयंपाक बंद, पाहुणे बंद. एक खोली धुळीपासून राखा. दाराला प्लॅस्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करा, आणि तिथून सामानाची ये-जा नको. फरशी कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे बारीक कण असतात, ते फुप्फुसांना घातक असतात. कापणं बाहेर, पाणी मारून करायला सांगा. घरात कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. इंडक्शन आणि किटली एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका, बोर्ड तापतो. औषधं, चार्जर, कागदपत्रं यांची एक पेटी हाताशी ठेवा. रात्री अकराला रक्तदाबाची गोळी शोधत सगळी खोकी उघडावी लागणं फार वाईट.

आणि ठेकेदाराला 'कधी संपेल?' एवढंच विचारू नका, 'या आठवड्यात काय बंद राहील?' हेही विचारा. माझ्याकडे आलेल्या बाई ज्या दिवशी कामगार येत नसत, त्या दिवशी सर्वांत जास्त संतापायच्या. त्यातले काही दिवस खरं तर कामाचेच होते. सिमेंटच्या प्लॅस्टरला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. वॉटरप्रूफिंगनंतर गळती तपासायला बाथरूममध्ये एक-दोन दिवस पाणी साठवून ठेवतात. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कळल्यावर संताप निम्म्याने उतरला.

पुढच्या भेटीला तोच कागद घेऊन आल्या. मुलाचं टेबल हातभर सरकवून खिडकीशी एक खुर्ची काढली होती. संध्याकाळी अर्धा तास त्या तिथे बसतात. पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "बरं नाही का गं?" दुसऱ्या दिवशी त्याच चहा करायला उठल्या. काम अजून तीन आठवडे तरी चालेल. "खुर्ची तिथून हलवायची नाही," त्या म्हणाल्या, "गवंड्यालाही सांगून ठेवलंय."