फिलॉसॉफी घेतलीस ना, मग राधाकृष्णन असे वाच

अगं, तुझा मेसेज वाचला. फिलॉसॉफी घेतली म्हणून घरचे नाराज आहेत, 'पुढे काय करणार' हे रोज ऐकावं लागतंय, आणि तू त्यांना सांगतेस की बघा राधाकृष्णन फिलॉसॉफी शिकूनच राष्ट्रपती झाले. असं नको सांगूस गं. खुर्चीसाठी त्यांचं नाव घेतलं की त्यांचं खरं काम बाजूलाच राहतं.

त्यांनी तरी हा विषय कुठे ठरवून घेतला होता? घरची परिस्थिती बेताची, नात्यातला एक भाऊ पास झाला आणि त्याने आपली फिलॉसॉफीची पुस्तकं यांना देऊन टाकली, झालं, विषय ठरला. पण मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये मिशनरी प्राध्यापक हिंदू विचारावर टीका करायचे, वेदान्तात नीतीला जागाच नाही असं तेव्हा सर्रास म्हटलं जायचं, ते या पोराला फार लागलं. मग तो भांडत बसला नाही, 1908 मध्ये विशीत असताना एम.ए.चा प्रबंधच वेदान्तातल्या नीतीवर लिहिला, आणि त्याच कॉलेजच्या हॉग सरांनी त्याचं कौतुक केलं. मला त्यांच्या आख्ख्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं वाटतं. तुला असा कुठला प्रश्न लागलाय ते आधी शोध, नोकरीचं आपण नंतर बोलू.

पुढचं तुला गुगलवर मिळेल, म्हैसूर, कलकत्ता, ऑक्सफर्डमध्ये शिकवणं, मग आंध्र आणि बनारस विद्यापीठांचं कुलगुरूपद. एवढंच सांगतो की 1921 मध्ये म्हैसूर सोडताना पोरांनी त्यांची घोडागाडी स्वतः ओढत स्टेशनपर्यंत नेली. शिक्षकाला याहून जास्त काय पाहिजे!

राजकारणात गेल्यावरही त्यांचा पिंड मास्तरचाच राहिला. 1949 मध्ये मॉस्कोला राजदूत म्हणून गेले, स्टॅलिनची भेट झाली तेव्हा त्याला सरळ सम्राट अशोकाची गोष्ट सांगितली, की युद्ध जिंकलेल्या राजाने पुढे हिंसाच सोडली. स्टॅलिनसमोर हे बोलायचं म्हणजे बघ! आणि 1962 च्या चीन युद्धानंतर स्वतः राष्ट्रपती असताना आपल्याच सरकारचा भाबडेपणा आणि हयगय त्यांनी बोलून दाखवली. भिंतीवरच्या फोटोपुरतं राष्ट्रपतीपद त्यांनी ठेवलं नाही, हे मला मनापासून आवडतं.

पण नुसती भक्ती नको. त्यांनी लिहिलं होतं की हिंदू समाज इतकी शतकं टिकला हीच त्याच्या बळाची खूण. बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यावर थेट बोट ठेवलं, नुसतं टिकणं म्हणजे काय, कुठल्या पायरीवर जगतोय ते बघा. माझ्या मते इथे बाबासाहेबांचंच बरोबर आहे, जातीबद्दल राधाकृष्णन फारच मऊ लिहितात, ज्याला पाणवठ्यावरून हाकललं त्याच्या बाजूने ते वाचून बघ म्हणजे कळेल. म्हणून दोघांना शेजारी ठेवून वाच, एकाला सोडून दुसऱ्याला वाचलंस तर अर्धंच हाताला लागेल.

अजून एक. 1929 मध्ये फिलॉसॉफीचेच एक अभ्यासक यदुनाथ सिन्हा यांनी राधाकृष्णन यांच्यावर आपला मजकूर उचलल्याचा आरोप केला, दोघांनी एकमेकांवर केसेस टाकल्या आणि 1933 मध्ये ते कोर्टाबाहेर मिटलं. खरंखोटं त्यात ठरलं नाही. तू मात्र आत्तापासून वहीत कुठलं वाक्य कुठून घेतलं ते पानासकट लिहीत जा, प्रोजेक्ट असो की साधी नोट.

सुरुवात 'द हिंदू व्ह्यू ऑफ लाइफ'पासून कर, छोटं आहे, 1926 ची ऑक्सफर्डमधली व्याख्यानं आहेत ती. भारतीय तत्त्वज्ञानाचे दोन मोठे खंड आत्ता उघडू नकोस, घाबरशील. जिथे पटत नाही तिथे पेन्सिलने खूण कर, पटलेल्या जागांची काही घाई नाही, आणि खुणा झाल्या की पुस्तक घेऊन ये, शनिवारी दुपारी मी घरीच असतो.