जर्मनीला निघालायस आणि बाबांचा स्वभाव बदललाय म्हणतोस, त्यावर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. म्युनिकची ऑफर आलीय, ऑगस्टमध्ये जॉइन व्हायचंय, इकडे जुळे सोलापुरात बाबांना डिमेन्शिया, जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस आता आईला शिव्या घालतोय, चोर म्हणतोय, आणि लांबून हे कसं सांभाळायचं विचारतोयस. जाऊ की नको हे मी सांगणार नाही बाबा, तो तुमच्या घरचा हिशोब. मी अकरा वर्षं स्टुटगार्टला आहे, माझे वडील, अण्णा, सोलापुरातच साखर पेठेत भावाकडे असतात, त्यांना हाच आजार, म्हणून जे ठेच लागून कळलं ते सांगतो.

एक गोष्ट मला कळायला दीड वर्ष लागलं. फोनवर माणूस चांगला असतो. अण्णा माझ्याशी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं झकास बोलायचे, जेवलास का, थंडी लई आहे का, तिकडं ज्वारी मिळते का, आणि मी मनात म्हणायचो की वहिनी जरा वाढवूनच सांगते. एकदा तर तिला तसं बोललोसुद्धा. तिनं काही उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन लावून नुसता फ्रीजवर ठेवला. तिकडे साडेसहा, माझे दुपारचे तीन, मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ऐकतोय. अण्णा ओरडत होते, "माझा डबा कुठं दडवलीस? शिफ्ट चुकवतीस काय माझी?" लक्ष्मी-विष्णू मिलला होते ते, मिल बंद पडून जमाना झाला. वहिनी सांगतेय की अण्णा मिल बंद झाली, तुम्ही आता घरीच असता, आणि ते अजून भडकतायत, कारण त्यांच्या लेखी ही बाई खोटं बोलतेय आणि वर नोकरी घालवतेय. पाऊण तास चाललं ते. मी पाहुण्यासारखा, दहा मिनिटांपुरता, माझ्यापुढे ते सावरून बसायचे. सगळा ताप जो चोवीस तास घरात आहे त्याला. तुझ्याकडे ती आई आहे, तेव्हा बाबा फोनवर कसेही वाटोत, आई जे सांगते ते खरं धर.

भावानं यातून वाट काढली ती अशी. साडेपाचलाच घरातले सगळे दिवे लावायचे, अंधार पडायच्या आत (संध्याकाळी असं वाढतं त्याला डॉक्टर सनडाउनिंग म्हणतात, दिवसभराचा थकवा आणि कमी उजेड यानं भर पडते). मग स्टीलच्या डब्यात भाकरी-शेंगाचटणी भरून अण्णांच्या हातात द्यायची, दोघं गल्लीच्या टोकाला टपरीपर्यंत जातात, अर्धा अर्धा चहा घेतात, भाऊ म्हणतो आज बॉयलर बंद आहे, सुट्टी दिली, आणि परत. खोटं आहे, हो. मला सुरुवातीला लई लागलं, बापाला असं फसवायचं म्हणजे काय. पण खरं सांगून पाऊण तास आरडाओरडा होत होता, यात वीस मिनिटांत माणूस शांत जेवायला बसतो.

चोरीचं म्हणशील तर, वस्तू कुठं ठेवली ते डोक्यातून पुसलं जातं, पण वस्तू नाही हे तर दिसतं, मग कुणीतरी घेतलीच असणार, आणि घरात जवळ असतं कोण? अण्णांचं घड्याळ ज्वारीच्या डब्यात सापडलं होतं, तळाला. "बघा, मी नव्हतं घेतलं" असं आईला म्हणू देऊ नकोस, उपयोग शून्य. "चला, दोघं शोधू" एवढंच. आणि तू फोनवर "मी कोण, ओळखलंत का" विचारत जाऊ नकोस, आपलं नाव आपणच सांगून टाकायचं.

आता डॉक्टरकडचं. बदल महिनोन्‌महिने हळूहळू झाला तर आजार, पण दोन-तीन दिवसांत एकदम बिघडले तर आधी लघवी तपासा. मागच्या उन्हाळ्यात अण्णा पाणीच पीत नव्हते, एका आठवड्यात भावाला मारायला धावले, सगळे म्हणाले आता आजार वाढला, निघालं लघवीचं इन्फेक्शन, अँटिबायोटिकनं उतरलं. बद्धकोष्ठ, दातदुखी, नवीन चालू केलेली गोळी यांनीही होतं. बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइडची रक्ततपासणी केली नसेल तर करा. विसरण्याच्या आधी स्वभावच बदलला असेल तर न्यूरोलॉजिस्टला फ्रंटोटेम्पोरल प्रकार (डिमेन्शियाचाच, पण ज्यात आधी वागणं बिघडतं) आहे का हे मुद्दाम विचार, अल्झायमरच्या नेहमीच्या गोळ्या त्यात चालत नाहीत. आणि झोपवून ठेवायची गोळी शेजाऱ्यांच्या सल्ल्यानं अजिबात नको, त्यातल्या काहींनी या वयात पक्षाघाताचा धोका वाढतो.

पेपरवर्क निघायच्या आधी उरक. पॉवर ऑफ अटर्नी (आपले व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला लिहून देणं) केली तरी माणसाला व्यवहाराची समज उरली नाही की आपल्याकडे ती कायद्यानं टिकत नाही, म्हणून खात्यावर आईचं नाव आत्ताच, बाबांना सही कळतेय तोवर. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला कोण करणार ते ठरव. आई-बाबांना नंतर तिकडे नेऊ हा विचार सगळेच करतात, 1 मार्च 2024 पासून नव्यानं आलेल्या स्किल्ड लोकांना पालक आणायची सोय झालीय खरी, पण त्यांचा हेल्थ इन्शुरन्स दाखवावा लागतो, तिकडच्या आपल्या सरकारी विम्यात आईबाप बसत नाहीत आणि प्रायव्हेटवाल्यांना डिमेन्शिया सांगितला की गाडी तिथंच अडते. शिवाय नवं घर, नवी भाषा, बाबा अजून बावचळतील.

पैसे पाठवशील ते आधी माणूस ठेवायला. दिवसभराचा परवडत नसेल तर नुसता चार ते आठ, तेवढ्या वेळात आईला घराबाहेर पडता आलं पाहिजे, सिद्धेश्वरला जाऊन तळ्याकाठी बसली तरी चालेल. तेव्हा तिला वेगळा फोन कर, उन्हाळ्यात तू साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार, म्हणजे तुझ्या लंचला जमतं. ती रडली तर रडू दे, लगेच उपाय सांगायला लागू नकोस. मी लागलो होतो, वहिनीनं आठवडाभर माझा फोन उचलला नाही.