टोल्युईन, कॉस्टिक सोडा आणि बोरिक ॲसिड थेट परदेशातून मागवायचंय, आयईसी (आयात-निर्यात कोड) काढलाय, अजून काय लागतं?

तुम्ही लिहिलंय की चाकणला गम (चिकटवायचा) बनवायचा छोटा कारखाना आहे, आजवर डीलरकडून माल घेत होतात, आता हे तिन्ही स्वतः मागवायचंय. मी न्हावा शेवाला सीएचएच्या (कस्टम्समधून माल सोडवणाऱ्या एजंटच्या) ऑफिसात १४ वर्षं काढलीत त्यामुळे एक आधी सांगतो, सप्लायरला ॲडव्हान्स पाठवला नसेल तर आत्ता पाठवू नका. केमिकल इम्पोर्टचं एकच एक लायसन्स असं काही नसतं, प्रत्येक माल वेगळ्या कायद्यात बसतो, आणि तुमचे तिन्ही तीन वेगळ्या ठिकाणी बसतात.

कॉस्टिक फ्लेक्स घ्या. २०१८ च्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरने त्याला बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) लायसन्स सक्तीचं झालं, मानक आयएस २५२. नवीन माणूस इथेच फसतो, कारण त्याला वाटतं अर्ज आपण करायचा, पण हे लायसन्स मिळतं बाहेरच्या बनवणाऱ्याला आणि तेही त्याच्या ठराविक फॅक्टरीच्या पत्त्यावर. आमच्या एका पार्टीने रीतसर लायसन्सची कॉपी मागवून घेतली होती, कंपनीचं नाव बरोबर, माल मात्र त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लांटमधून निघालेला, बॅगवर पत्ता वेगळा. दीड महिना कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) पडून, शेवटी माल परत पाठवला, जाण्यायेण्याचं भाडं आणि डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार) सगळं त्याच्या अंगावर. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो, त्याने काही लबाडी केली नव्हती हो. म्हणून सीएम/एल नंबर (बीआयएस लायसन्सचा नंबर), त्यावरचा पत्ता आणि बॅगचा फोटो, तिन्ही जुळल्याशिवाय ऑर्डर नको. आणि हे नियम बदलत असतात, २०२५ च्या नोव्हेंबरात पॉलिमर आणि फायबरच्या कच्च्या मालावरच्या बऱ्याच ऑर्डरी सरकारने मागे घेतल्या, तेव्हा ऑर्डर द्यायच्या दिवशी बीआयएसच्या साइटवर स्वतः बघा, मित्राच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका.

बोरिक ॲसिड तुम्ही गमला वापरणार, पण कायद्याच्या नजरेत ते कीटकनाशकही आहे. त्यामुळे कीटकनाशक सोडून दुसऱ्या कामाला आणत असाल तर फरिदाबादच्या सीआयबीआरसीकडून (केंद्राच्या कीटकनाशक मंडळाकडून) त्याचं वेगळं परमिट लागतं. वेळ धरून चला.

टोल्युईनचं जरा नीट वाचा. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) साधारण ४ डिग्री, म्हणजे २३ च्या खाली, म्हणजे पेट्रोलियम क्लास ए. विक्रीसाठी नसेल तर बिनलायसन्स ३० लिटरपर्यंत ठेवता येतं आणि एक ड्रमच २०० लिटरचा! म्हणजे माल बंदरातून सुटला तरी ठेवणार कुठे हा प्रश्न आधी सुटायला हवा, त्यासाठी पेसोकडे (स्फोटक आणि ज्वलनशील मालाला परवाने देणारं केंद्राचं खातं) जायचं, त्यांचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे. शिवाय भोपाळनंतर जे घातक रसायनांचे नियम १९८९ साली आले त्यात आयातदाराने शक्यतो ३० दिवस आधी कळवायचं असतं, कुठल्या बंदरात, किती माल, कशाने नेणार, आणि सुरक्षेची पूर्ण माहिती. बरेच जण हे नुसती फॉर्मॅलिटी म्हणून टाळतात, मला ते पटत नाही. चेन्नईजवळ मनालीच्या सीएफएसमध्ये कस्टम्सने २०१५ ला पकडलेलं अमोनियम नायट्रेट, सुमारे ७०० टन, पाच वर्षं तसंच पडून होतं, लोकवस्तीजवळ, बैरुतला अशाच साठ्याचा स्फोट झाला तेव्हा कुठे ते घाईघाईने हैदराबादला हलवलं. कागद अडला की माल अडतो आणि अडलेल्या मालाशेजारी माणसं राहत असतात, काम करत असतात.

बाकी कस्टम्सचं थोडक्यात. २०२३ पासून बिल ऑफ एंट्रीत (कस्टम्सला भरायच्या आयातीच्या अर्जात) आययूपीएसी नाव (शास्त्रीय नाव) आणि कॅस नंबर (रसायनाचा ओळख क्रमांक) द्यायचा असतो (टोल्युईनचा १०८-८८-३), तो इन्व्हॉइस, एमएसडीएस (सुरक्षेची माहितीपत्रिका) आणि सीओए (मालाच्या तपासणीचा दाखला) सगळीकडे एकच हवा, सप्लायरने नुसतं ब्रँडनेम लिहिलं तर सॅम्पल लॅबला जायची शक्यता वाढते. बिल ऑफ एंट्री जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरा, उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,०००, पुढे रोज १०,०००. ड्युटी समजा साडेसात टक्के असली तर त्यावर १० टक्के सरचार्ज आणि मग १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) धरून एकूण २७.७ च्या आसपास जाते, आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं पण पैसा आधी अडकतो हे हिशोबात धरा.

मी तुमच्या जागी असतो तर पहिली खेप फक्त कॉस्टिकची केली असती, एकच कंटेनर. बोरिकचा अर्ज आत्ताच टाकून ठेवला असता, आणि टोल्युईन पेसोचं लायसन्स हातात पडेपर्यंत डीलरकडूनच घेतलं असतं, किलोमागे चार पैसे जास्त गेले तरी.